आतेसासूबाईंच्या सहीचा कागद कशाने पाठवू?

नाशिकहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. लांबलचक आहे, थोडक्यात देते.

"ताई, सासरे जाऊन आठ महिने झाले. गावच्या जमिनीच्या कामासाठी आतेसासूबाईंची सही असलेलं संमतीपत्र हवंय. त्या ७८ वर्षांच्या आहेत, संगमेश्वर तालुक्यात वाडीवर एकट्या राहतात. मागच्या वेळी कुरियरने पाठवलं तर ते तालुक्याच्या ऑफिसात पडून राहिलं, इथून पुढे आमची सर्व्हिस नाही, येऊन घेऊन जा म्हणाले, आणि आठ दिवसांनी परत आलं. आता मिस्टर म्हणतात स्पीड पोस्ट कर, धाकटे दीर म्हणतात पोस्टाचा काय भरवसा, दुसऱ्या कुरियरने पाठवू. त्यात डोंबिवलीचे चुलत दीर म्हणतात मला तुमचं कुठलंच पत्र मिळालं नाही, त्यांनाही परत पाठवायचंय. रजिस्टर बंद झालं असं ऐकलं, मग एडी, म्हणजे सहीची पोचपावती, कशी करायची? आणि मी घरून काळा मसाला आणि कुरडया विकते, ते कुरियरने पाठवते, ते चुकतंय का? घरात रोज यावरून वाद होतात."

तर मैत्रीण, सगळ्यात आधी हे सांगते की तुमच्या घरात जे दोघं भांडतायत ते दोघंही एकाच प्रश्नावर भांडतायत की कोण लवकर पोचवतं, आणि तुमच्या कागदांना तो प्रश्न लागूच नाहीये. आत्यांचा कागद दोन दिवस उशिरा पोचला तरी काही बिघडत नाही. तो त्यांच्या दारापर्यंत पोचतो का आणि नाही पोचला तर तुमच्या हातात काय उरतं, एवढंच बघायचं. मी बावीस वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळली, रोजचं टपाल माझ्या हातून गेलंय, पोस्टानेही आणि कुरियरनेही, त्यामुळे हे पुस्तकातलं सांगत नाहीये.

आत्यांचं आधी. वाडीवरचा पत्ता म्हणजे पोस्ट, यात मला तरी दुसरा विचारच नाही. देशात १ लाख ६४ हजारांच्या वर पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली दहातली नऊ खेड्यात आहेत. एवढं जाळं कुठल्याही कुरियरवाल्याचं नाही, आणि ते त्यांचा दोष म्हणून मी सांगत नाहीये, त्यांना जिथे धंदा आहे तिथेच ते जाणार, एका लिफाफ्यासाठी तालुक्यापासून वाडीपर्यंत माणूस पाठवणं त्यांना परवडत नाही. पोस्टाचं तसं नाही. गावातलं ब्रँच पोस्ट दिवसातून चार-पाच तासच उघडं असतं, बऱ्याचदा कुणाच्या तरी घराच्या पडवीत, पण तिथला ग्रामीण डाकसेवक त्याच पंचक्रोशीतला असतो. आत्या कुणाची सून, कुठल्या आंब्याखालून वर गेलं की त्यांचं घर लागतं, दुपारी त्या कुठे बसलेल्या असतात हे त्याला माहीत असतं. हे ज्ञान कुठल्याच ॲपमध्ये नाही. सरकारसुद्धा पासपोर्ट स्पीड पोस्टानेच पाठवतं, ते यासाठीच, की प्रत्येक दारापर्यंत जाणारा दुसरा कुणी नाही.

पण पोस्टाला त्याचं काम करू द्यायचं तर पत्ता नीट हवा, आणि इथे आपण शिकलेली माणसं फार चुका करतो. तुम्ही मला पत्रात आत्यांचा पत्ता जसा लिहिलाय त्यात "मु. पो." आणि पुढे वाडीचं नाव आहे. मु. पो. म्हणजे मुक्काम आणि पोस्ट दोन्ही त्याच गावी. तुमच्या वाडीत पोस्ट आहे का? बहुतेक नसणार, ते शेजारच्या मोठ्या गावात असणार. मग "मु." वाडीचं नाव, "पो." त्या गावाचं नाव, मग तालुका, जिल्हा असं वेगवेगळं लिहायचं. आपण लग्नपत्रिकेपासून सवयीने मु. पो. एकत्र ठोकून देतो आणि मग कागद कुठल्या तरी तिसऱ्याच गावात फिरत बसतो. कोकणात एकाच नावाच्या वाड्या किती आहेत, वरची वाडी, खालची वाडी, बौद्धवाडी, गुरववाडी प्रत्येक गावात असते, म्हणून वाडीच्या पुढे गावाचं नाव हवंच हवं.

आणि पिनकोड. तुम्ही तालुक्याचा पिन लिहिलाय असं वाटतंय, तो नको, आत्यांच्या पोस्टाचा विचारून घ्या, एक फोन करा त्यांना, आधार कार्डावर असतो. पिन हे आपल्याच माणसाचं काम आहे बरं का, श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे मोठे कवी आणि टपाल खात्यातले अधिकारी, त्यांनी ही पद्धत बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली, कारण एकसारखी गावांची नावं आणि वेगवेगळ्या भाषेतले पत्ते यात टपाल चुकायचं. पहिला आकडा विभागाचा, आपला महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. आता गंमत म्हणून सांगत नाही, तुमच्या कामाचं आहे म्हणून सांगते, रत्नागिरी जिल्ह्यातले बरेच पिन ४१५ ने सुरू होतात आणि सातारा जिल्ह्यातलेही ४१५ नेच. शेवटच्या तीन आकड्यांत एक जरी इकडचा तिकडे झाला तर आत्यांचा कागद घाटावर जाऊन परत खाली यायचा. आणि मग आपण म्हणणार पोस्टाचा भरवसा नाही.

लिफाफ्यावर आत्यांच्या शेजारच्या कुणाचा तरी मोबाइल नंबर घाला, त्यांच्याकडे फोन नसेल तर. आणि तुमचा पूर्ण पत्ता पिनसकट डाव्या कोपऱ्यात. हा पाठवणाऱ्याचा पत्ता लोक अर्धवट लिहितात, "प्रेषक: अमुक, नाशिक" एवढंच, मग न वाटलेलं टपाल परत यायचं कुठे?

आता रजिस्टरचं. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे पण अर्धं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात विलीन केली. बंद झालं बंद झालं म्हणून तेव्हा सगळीकडे हळहळ झाली, मलाही वाईट वाटलं खोटं कशाला बोलू, पण रजिस्टरमधली जी खरी ताकद होती ती अजून मिळते. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं, घरातलं कुणीही घेऊ शकतं. रजिस्ट्रेशन घेतलं की ते ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाच्या, हातात द्यायचं. त्यासाठी फक्त ५ रुपये आणि वर जीएसटी. म्हणून काउंटरवर नुसतं "स्पीड पोस्ट करायचंय" म्हणू नका, "स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसकट, आणि पोचपावती पण हवी" असं पूर्ण सांगा, नाहीतर समोरचा साधंच करून देईल, त्याचा काही दोष नाही, आपण मागितलं नाही. ऑक्टोबर २०२५ पासून नवे दर आहेत, ५० ग्रॅमपर्यंत गावातल्या गावात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७, जीएसटी वेगळा. ५० ग्रॅममध्ये साधे ए-फोरचे आठ कागद पातळ लिफाफ्यासकट बसतात, तुमचं दोन्ही काम त्यात होईल.

अजून एक नवी सोय आहे, ओटीपी सांगितला तरच वाटप, तीही ५ रुपयांत. ती आत्यांसाठी घेऊ नका. वाडीवर रेंज नाही, फोन शेजारच्याचा, ओटीपी येईपर्यंत पोस्टमन थांबणार किती आणि मग कागद परत. चुलत दिरांसाठी मात्र विचार करा, पण तिथेही माझं मत रजिस्ट्रेशनच, कारण ज्याला घ्यायचंच नाही तो ओटीपी देणारच नाही.

चुलत दिरांच्या बाबतीत तर कुरियरचा विचार डोक्यातून काढूनच टाका. जो माणूस "मला मिळालंच नाही" म्हणतोय त्याला पत्र पोचवण्याइतकंच ते पोचवल्याचं सिद्ध करणं महत्त्वाचं आहे. १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट आहे, त्याचं कलम २७ सांगतं की पत्ता बरोबर लिहून, पूर्ण पैसे भरून, रजिस्टर पोस्टाने कायदेशीर कागद पाठवला असेल तर तो रीतसर पोचला असं धरलं जातं, समोरच्याला उलटं सिद्ध करावं लागतं. म्हणून मी त्या ५ रुपयांचा एवढा आग्रह धरते, कायद्यात शब्द रजिस्टर असा आहे, तुमच्या पावतीवर रजिस्ट्रेशन दिसलेलं बरं. कुरियरला कायद्यात जागाच नाही असं नाही हं, दिवाणी कोर्टाचं समन्स कोर्टाने मान्य केलेल्या कुरियरनेही जातं, पण आपण आपलं कोपऱ्यावरच्या कुरियरवाल्याकडे टाकलेलं पाकीट आणि ते, यात फरक आहे.

हे मी शिकले ते एका चेक बाउन्सच्या नोटिशीवरून. बँकेकडून चेक परत आल्याचं कळलं की ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि अशील अगदी शेवटच्या आठवड्यात आला होता, त्याचा हट्ट की कुरियरने उद्या पोचते, कुरियरनेच पाठवा. पाठवली. पोचलीसुद्धा दुसऱ्या दिवशी. पुढे केस उभी राहिली तेव्हा समोरच्या वकिलांनी तो कुरियरचा कागद मागितला, त्यावर सहीच्या जागी एक वेडीवाकडी रेघ, नाव नाही, तारीख नाही, शिक्का पुसलेला. कुणी घेतली ही नोटीस? ज्या मुलाने पोचवली तो कधीच नोकरी सोडून गेलेला, कंपनीच्या ऑफिसात कुणाला काही सांगता येईना. आमच्या साहेबांनी त्याच दिवशी तीच नोटीस रजिस्टर एडीनेही टाकली होती म्हणून निभावलं, त्या एडी कार्डावर स्वच्छ सही आणि पोस्टाचा तारखेचा शिक्का होता. ती दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेली मला अजून दिसतात.

आणि चुलत दीर घेणार नाहीत, दार उघडणार नाहीत, ही भीती मनात असेल तर ती सोडा. पोस्टमन लिफाफ्यावर शेरा मारतो, "घर बंद", "सूचना दिली", "घेण्यास नकार", कधी पेनने कधी पेन्सिलने, खाली तारीख आणि सही. असा लिफाफा तुमच्याकडे परत आला तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, तो फोडायचा नाही. कुणालाही फोडू द्यायचा नाही, मिस्टरांनाही. जसा आला तसा बंद, मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचा. तो वेळ पडली तर कोर्टासमोर फोडतात, आत काय होतं तेही कळतं आणि नकार दिला तेही. पत्र घ्यायला नकार दिला म्हणजे पत्र मिळालंच नाही असं कोर्ट मानत नाही. आमच्याकडे अशा न फोडलेल्या लिफाफ्यांचं एक वेगळं कपाट होतं.

आता तुमच्या दिरांचंही ऐकायला हवं, कारण ते उगाच बोलत नाहीयेत. पोस्टाच्या तक्रारी खऱ्या आहेत. एडी कार्ड परत न येणं हे तर जुनं दुखणं, पत्र पोचतं पण कार्ड वाटेत कुठेतरी राहतं. शहरात सोसायटीत वॉचमनकडे टपाल देऊन जाणं, एकदा बेल वाजवून "घर बंद" लिहिणं, हेही होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पोस्टाने देशभर नवी संगणक प्रणाली लावली तेव्हा काउंटरवर लोक तासन्‌तास उभे होते. माणसं कमी आहेत, एकेका पोस्टमनकडे दोन दोन बीट, म्हणजे वाटपाचे भाग, असतात. हे सगळं मान्य. पण उपाय असा की एकट्या कार्डावर अवलंबून राहू नका. पावतीवर १३ अक्षरांचा नंबर असतो, स्पीड पोस्टाचा ई ने सुरू होतो आणि आयएन ने संपतो. तो रोज संध्याकाळी वेबसाइटवर टाकून बघा, आणि "डिलिव्हर्ड" दिसलं की त्याच दिवशी प्रिंट काढा, पुढच्या महिन्यात नको, जुनं ट्रॅकिंग काही दिवसांनी दिसेनासं होतं. कार्ड आलं नाही तर पोस्टमास्तरांना अर्ज देऊन वाटपाची माहिती लेखी मागा. फोनवर तक्रार करायची तर १८०० २६६ ६८६८. आणि तिथेही दाद नाही लागली तर डाक अदालत भरते, तिथे अर्ज करता येतो, लोकांना हे माहीतच नसतं. कुरियरवाल्याविरुद्ध तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

नुकसानभरपाईच्या भरवशावर मात्र कुणीच राहू नका, दोन्हीकडे सारखीच स्थिती आहे. स्पीड पोस्ट हरवलं तर मिळतात भरलेल्या पैशांच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे ४७ रुपयांच्या लिफाफ्याला शंभरच्या आसपास. कुरियरच्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं वाचा, तिथेही शंभर रुपये असा काहीतरी आकडा असतो, आणि १९९६ मध्येच सुप्रीम कोर्टाने एका कुरियरच्या प्रकरणात म्हटलंय की सही करून दिलेल्या कागदावरची ती मर्यादा पाठवणाऱ्यावर बंधनकारक आहे. म्हणून जे गेलं तर परत तयार करता येणार नाही ते टपालात टाकूच नये. सासऱ्यांचा मूळ मृत्यू दाखला, मूळ खरेदीखत, यातलं काही आत्यांना पाठवणार असाल तर थांबा. झेरॉक्स पाठवा. आणि एक सांगते, तो कागद नुसतं संमतीपत्र आहे ना हे वकिलांना एकदा दाखवा, हक्कसोडपत्र असेल तर ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावंच लागेल, टपालाने सही मागवून भागणार नाही.

कुरडया आणि मसाल्याचं उत्तर मात्र वेगळं आहे, तिथे तुम्ही चुकत नाही आहात. पुणे, मुंबई, ठाणे इकडची गिऱ्हाइकं असतील तर कुरियर चांगलाच, मुलगा घरी येऊन बॉक्स घेऊन जातो, तुमचा अर्धा दिवस वाचतो, गिऱ्हाइकाला फोनवर कळत राहतं. त्या कामाला ते तयार झालेले आहेत. फक्त कुरडयांचं एक बघा. कुरडई वजनाला हलकी आणि जागा खाणारी. कुरियरवाले बॉक्सच्या मापावरून वजन काढतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. समजा ४० बाय ३० बाय ३० चा बॉक्स, तर ते ७.२ किलो होतात, आणि आत कुरडया दोन किलोच असतात, पैसे तुम्ही सातचे भरता. पार्सलला पोस्टातही माप विचारतात, तेव्हा दोन्हीकडे आधी विचारून घ्या. बॉक्स लहान करा, कुरडया उभ्या थरात, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे न घालता जाड पुठ्ठ्याच्या चकत्या घाला, बोळे दबतात आणि मग कुरडईचा चुरा होतो. मसाल्याच्या पिशव्या त्याच बॉक्सात टाकू नका, तेल सुटतं. आणि गावाकडची, तालुक्याच्या पलीकडची ऑर्डर आली की ती पोस्टाने. त्याच कुरियरने गिऱ्हाइकाला "ऑफिसला येऊन घेऊन जा" सांगितलं तर नाव तुमच्या मसाल्याचं खराब होतं. ऑर्डर घेतानाच पिन विचारा आणि कुरियरवाल्याला तो पिन त्यांच्या यादीत आहे का विचारा, असेल तरच द्या.

आता आत्यांचा कागद परत येण्याचं, कारण तुमच्या पत्रात याचा विचारच नाहीये. ७८ वर्षांची बाई सही करेल, मग तो कागद कोण घेऊन जाणार पोस्टात? आत एक दुसरा लिफाफा घाला, त्यावर तुमचा पत्ता स्वच्छ मोठ्या अक्षरात पिनसकट आधीच लिहून ठेवा, चिकटवायची पट्टी असलेला घ्या म्हणजे डिंक शोधायला नको. जिथे सही करायची तिथे पेन्सिलने बारीक फुली मारा, साक्षीदाराची जागा असेल तर तिथेही. त्यांच्या त्याच ब्रँच पोस्टातून ते परत स्पीड पोस्ट होतं. परतीचे पैसे लिफाफ्यात नोटा घालून पाठवू नका, साध्या टपालात पैसे घालायला परवानगी नाही, ज्या शेजाऱ्यांचा नंबर दिलाय त्यांना मोबाइलवर पाठवा आणि फोन करून सांगा की आत्यांसोबत पोस्टापर्यंत जा. आणि पाठवायच्या आधी आत्यांशी एकदा बोला, काय कागद आहे ते समजावून सांगा, अचानक सरकारी दिसणारा लिफाफा आला की वाडीवरची म्हातारी माणसं घाबरतात, सही करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे त्यांचं.

सोमवारी दोन्ही लिफाफे घेऊन मोठ्या पोस्टात जा, सकाळी लवकर. पावत्या मिळाल्या की घरी यायच्या आधीच झेरॉक्स काढा, मशिनच्या गुळगुळीत कागदावरची शाई दोन-चार महिन्यांत उडते, आणि ज्या दिवशी पावती लागते त्या दिवशी हातात कोरा कागद असतो. आत्यांची सही आली की मला जरूर कळवा.